शाप की साथ: वीस बाजूंच्या फाशावरचे आरोग्यशास्त्र

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायचा भूमिकाखेळ, या प्रकारात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राचा कारभार सांभाळतो, आणि उरलेले सगळे जग, त्यातले राक्षस, राजे, खाणावळींचे मालक, हवामान आणि गटारे यांच्यासकट, डंजन मास्टर किंवा नुसते डीएम म्हणवल्या जाणाऱ्या एकाच माणसाच्या गळ्यात पडलेले असते. या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ, जो गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी रचला आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहानशा गावातून 1974 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ड्रॅगनांविषयी, तलवारींविषयी आणि खजिन्यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे; परंतु या जगात माणसे आजारी कशी पडतात, एकाचा आजार दुसऱ्याला कसा लागतो, आणि मुख्य म्हणजे तो लागलेला टिकतो कसा, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक हा शेवटचा प्रश्नच कळीचा आहे, कारण ज्या जगात देव हाकेला ओ देतो आणि तीही ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पायरीच्या मंत्राला देतो, त्या जगात रोग पसरवण्यापेक्षा रोग जगवणे हेच नियमकारांपुढचे खरे संकट होते.

सुरुवातीच्या काळात हे संकट कोणाच्या फारसे ध्यानात आलेले दिसत नाही. 1979 साली निघालेल्या ‘डंजन मास्टर्स गाइड’ या ग्रंथात गायगॅक्सने रोगराईसाठी तक्ते दिले आणि प्रत्येक पात्राला एखादा रोग किंवा परोपजीवी कृमी जडला आहे की काय, याची तपासणी डीएमने दर महिन्याला करावी, परिस्थिती विशेष घाणेरडी असेल तर दर आठवड्याला करावी, असा दंडक घातला. रोग निघालाच तर तो शरीराच्या कोणत्या भागाचा, तीव्र की जुनाट, सौम्य की प्राणघातक, हेही फाशांनीच ठरायचे. त्यामुळे ड्रॅगनशी झुंज देऊन परतलेल्या वीराला महिनाअखेरीस वीजबिल यावे तशा नियमितपणे सांधे, आतडी, त्वचा किंवा मूत्रमार्ग यांपैकी कशाची तरी सूचना येण्याची सोय झाली. या व्यवस्थेत संसर्ग होता तो टक्केवारीपुरताच. गर्दी, घाण आणि रोगवाहकाशी आलेला संपर्क यांनी शक्यता वाढत असे खरी, पण रोग नेमका कोणत्या मार्गाने आला याचा पत्ता लागत नसे. रोग जणू अंतरिक्षातून येई, फासा त्याला वाट दाखवी, आणि पात्र अंथरुणाला खिळे.

खिळे, पण एका रात्रीपुरते. कारण याच नियमांनुसार क्लेरिक, म्हणजे देवाची उपासना करून मंत्रशक्ती मिळवणारे पात्र, ठरावीक अनुभव गाठीशी आला की तिसऱ्या पायरीचा रोगनिवारक मंत्र म्हणू शकत असे. मंत्र रात्री संपले असतील तर क्लेरिकने झोप काढायची, सकाळी प्रार्थना करायची, रोग्याला हात लावायचा, आणि महारोग असो की मूळव्याध, दोन्ही न्याहारीच्या आत उतरणीला लागायचे. त्यातच पॅलडिन नावाचे आणखी एक पात्र, म्हणजे धर्मनिष्ठ वीरयोद्धा, रोगांपासून जन्मभर मुक्त असे आणि दुसऱ्यांचेही रोग घालवी. ज्या पथकात क्लेरिक आणि पॅलडिन हे दोघेही आहेत, त्या पथकात रोगाने शिरणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण करून घेणे होय.

पथकाबाहेरच्या प्रजेची गोष्ट अर्थातच वेगळी होती, आणि ती नियमांच्या पुस्तकांत अगदी उघड्यावर, फक्त दोन वेगवेगळ्या पानांवर छापलेली आहे. 2000 साली आलेल्या आणि 2003 साली सुधारलेल्या तिसऱ्या आवृत्तीत मंत्रसेवेचा दर ठरवून दिला होता: मंत्राची पायरी गुणिले मंत्र म्हणणाऱ्याची पातळी गुणिले दहा सोन्याची नाणी. रोगनिवारणाचा मंत्र तिसऱ्या पायरीचा आणि तो म्हणणारा क्लेरिक कमीत कमी पाचव्या पातळीचा, म्हणजे 150 सोन्याची नाणी झाली. दुसऱ्या पानावर अकुशल मजुराची रोजी एक चांदीचे नाणे अशी दिली आहे, आणि दहा चांदीची नाणी म्हणजे एक सोन्याचे. हिशेब केला तर एका तापावरच्या उपचारासाठी मजुराने 1500 दिवस, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ, न खाता-पिता राबायला हवे. देव दयाळू असून पुजारी दरपत्रक दाखवतो, ही परिस्थिती कल्पनारम्य वाङ्मयात मोडते असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

आता नियमकारांच्या मूळ अडचणीकडे वळता येईल. ज्या रोगाची खेळाडूंना धास्ती वाटायला हवी तो रोग जर सकाळच्या प्रार्थनेने बरा होणार असेल, तर त्या रोगाला क्लेरिकच्या अधिकारक्षेत्राबाहेर काढणे एवढाच मार्ग उरतो. आणि हे काम कोणत्याही सरकारी कचेरीला शोभेल अशा पद्धतीने, म्हणजे प्रकरणाचे वर्गीकरण बदलून, करण्यात आले. याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘ममी रॉट’, अर्थात पट्ट्यांत गुंडाळलेल्या इजिप्शियन धर्तीच्या प्रेताच्या स्पर्शाने होणारी कूज. 1977 च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ही कूज म्हणजे सरळसरळ रोग होता: एक ते सहा महिन्यांत मृत्यू, दर महिन्याला व्यक्तिमत्त्वाच्या आकर्षकतेचे म्हणजे करिश्म्याचे दोन गुण कायमचे वजा, जखमा बऱ्या करणारे मंत्र निष्प्रभ, आणि उपाय रोगनिवारणाचा मंत्र. 1989 साली दुसरी आवृत्ती येईपर्यंत पॅलडिनच्या रोगमुक्तीच्या नियमाला कंसात एक पुस्ती जोडली गेली होती, तिचा आशय असा की माणसाचा लांडगा होणे आणि ममीची कूज हे जादूचे प्रकार शाप आहेत, रोग नव्हेत. ज्याच्या अंगाला महामारी शिवू शकत नाही तो पॅलडिन या एका कंसामुळे सडू लागला.

तिसऱ्या आवृत्तीच्या 2003 च्या सुधारणेने तर याहून पुढची पायरी गाठली आणि ममीची कूज एकाच वेळी रोगही आहे आणि शापही आहे असे ठरवले. बरे व्हायचे असेल तर आधी शाप उतरवायचा आणि मग रोग घालवायचा. शाप उतरवण्याआधी रोगाचा मंत्र म्हटला तर तो वाया जाणार, आणि शाप उतरवतानाही क्लेरिकला फासा टाकून आपली कुवत सिद्ध करावी लागणार. रोग रेड्याला आणि औषध पखालीला ही म्हण ज्यांना ठाऊक आहे त्यांना या कार्यपद्धतीत नवल वाटणार नाही. दरम्यान रोग्याचा धीर सुटला आणि तो मेला, तर त्याच्या देहाची धूळ होऊन ती पहिल्याच वाऱ्याबरोबर उडून जाते अशी तरतूद आहे, जेणेकरून पुढील अर्जासोबत जोडायला मूळ प्रतही शिल्लक राहू नये. 2014 च्या पाचव्या आवृत्तीने हा दुहेरी कारभार बंद करून कूज शापाच्या खात्यावर कायम केली. त्यात रोग्याची जीवनशक्ती, म्हणजे जिचे मोजमाप हिट पॉइंट या आकड्याने होते ती, भरून निघत नाही आणि तिची कमाल मर्यादाच दर चोवीस तासांनी तीन फाशांच्या बेरजेइतकी घसरत जाते.

रोग एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याच्या मार्गांची पद्धतशीर मांडणीही तिसऱ्या आवृत्तीनेच प्रथम केली. तिने प्रत्येक रोगाला पोटातून, श्वासातून, स्पर्शातून किंवा जखमेतून असा एक प्रवेशमार्ग नेमून दिला, आणि शिवाय रोग दिसू लागण्याआधीचा काळ, प्रतिकारासाठी फाशावर गाठायचा आकडा आणि होणारे नुकसान यांचे कोष्टक जोडले. हे कोष्टक नीटनेटके आहे, आणि त्याविषयी याहून अधिक बोलण्यासारखे काही नाही; अपवाद एवढाच की त्यात नरकातली हुडहुडी आणि उकिरड्यावरचा साधा ताप एकाच रकान्यात, मापाच्या फरकाने, शेजारी नांदतात.

जादुई संसर्गाचा खरा अभ्यास करायचा तर तो पाचव्या आवृत्तीतल्या ‘कॅकल फीव्हर’चा करावा, ज्याला मराठीत खिदळताप म्हणायला हरकत नसावी. हा ताप माणसे आणि माणसांसारख्या जमातींना होतो, मात्र नोम नावाच्या बुटक्या जमातीला तो होत नाही. का होत नाही, याचे कारण ग्रंथाने दिलेले नाही, तेव्हा नोम मुळातच सदानकदा खिदळत असल्याने रोगाला त्यांच्यात करण्यासारखे काही उरत नसावे, असा तर्क करण्यास वाव आहे. लागण झाल्यावर एक ते चार तासांत ताप आणि संभ्रम सुरू होतो. त्यानंतर पात्रावर मोठा ताण आला, म्हणजे लढाई सुरू झाली, मार बसला, भीती वाटली किंवा नुसते वाईट स्वप्न पडले, की सेव्हिंग थ्रो करावा लागतो. सेव्हिंग थ्रो म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या काटकपणाचा गुण मिळवायचा आणि ठरलेला आकडा गाठला की सुटायचे. इथे तो आकडा 13 आहे. न गाठल्यास पात्र एक मिनिटभर वेड्यासारखे हसत सुटते आणि त्या काळात दुसरी कोणतीही कृती करू शकत नाही. नशिबाने साथ दिली तर मिनिट संपण्याआधी सावरते, एवढाच दिलासा.

संसर्ग होतो तो या हसण्यातून. हसणाऱ्या रोग्यापासून दहा फुटांच्या आत ज्याची पाळी सुरू होते, त्याने काटकपणाच्या बळावर 10 हा आकडा गाठायचा, नाही तर तोही बाधित. एकदा गाठला की त्या विशिष्ट रोग्याच्या हसण्यापासून चोवीस तासांची मुक्ती मिळते, मात्र दुसरा कोणी हसू लागला तर नव्याने फासा टाकावा लागतो. प्रतिकारशक्ती रोगाविरुद्ध नव्हे तर व्यक्तीविरुद्ध निर्माण होते, ही कल्पना वैद्यकाला अपरिचित असली तरी एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना चांगलीच परिचित असावी. काटकपणाचा विशेष गुण नसलेल्या पात्राला वीस बाजूंच्या फाशावर 1 ते 9 पडल्यास लागण होते, म्हणजे शक्यता 45 टक्के. साथशास्त्रात एक रोगी सरासरी किती जणांना रोग देतो या आकड्याला फार महत्त्व असते, कारण तो एकाच्या वर गेला की साथ वाढते. पाच जणांच्या पथकात एक जण हसत असेल आणि उरलेले चार जण जवळ उभे असतील, तर हा आकडा 1.8 येतो, म्हणजे शास्त्रशुद्ध साथ होते. फक्त लोकसंख्याच पाच असल्याने ती दुसऱ्या दिवशी माणसांअभावी थांबते.

दहा फूट हे अंतर खेळात कसे दिसते, हेही पाहण्यासारखे आहे. टेबलावर चौकटी आखलेली चटई असते, तिच्यावर पात्रांच्या बोटभर उंचीच्या बाहुल्या मांडलेल्या असतात, आणि एक चौकट म्हणजे पाच फूट. त्यामुळे एखाद्या बाहुलीला हसू फुटल्याचे डीएमने जाहीर करताच बाकीच्या बाहुल्या एका विलक्षण शिस्तीने तीन चौकटी मागे सरकतात, समोर राक्षस उभा असला तरी सरकतात, आणि कधीकधी राक्षसाच्या आड येऊन उभ्या राहतात. मित्रासाठी ड्रॅगनच्या जबड्यात उडी घेणारे वीर मित्राच्या हसण्यासमोर मात्र पट्टी घेऊन अंतर मोजतात. तोंडाला फडके बांधल्याने काही उपयोग होईल काय, हा प्रश्न नियमांत येत नाही. भिंतीपलीकडून हसू ऐकू आले तर काय, याविषयीही ग्रंथ गप्प आहे, आणि या मौनामुळे डीएम आणि खेळाडू यांच्यात होणारा वाद मूळ आजारापेक्षा जास्त वेळ चालण्याचा संभव असतो.

त्यातून ज्या खेळाडूच्या पात्राला झटका आला आहे त्याने ते हसणे साभिनय करून दाखवावे अशी टेबलाची अपेक्षा असते. तो हसतो, डीएम गंभीर राहण्याचा प्रयत्न करतो, आणि बाकीचे सेव्हिंग थ्रो न करता बाधित होतात, नोमचा खेळाडूही त्यातून सुटत नाही.

या ठिकाणी ‘मेटागेमिंग’ ही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. खेळाडूला जे माहीत आहे पण त्याच्या पात्राला माहीत असण्याचे कारण नाही, त्या माहितीचा पात्राकरवी फायदा उठवणे म्हणजे मेटागेमिंग, आणि ते असभ्य मानले जाते. रोगाच्या बाबतीत ही सभ्यता फार महाग पडते. गटारातल्या उंदराने चावा घेतल्यावर डीएमने पडद्याआड गुपचूप फासा टाकला आणि नुसते ‘हं’ म्हटले, की टेबलावरच्या प्रत्येकाला गटारप्लेगची चाहूल लागते. परंतु त्या रोगाची लक्षणे एक ते चार दिवसांनी दिसणार असल्याने चार दिवस सर्वांनी काही न घडल्याचे सोंग करायचे असते. मग ज्याला चावले आहे त्याला अचानक आपल्या गावच्या देवळाची ओढ लागते, क्लेरिकला विनाकारण परोपकार सुचतो, आणि सोबत्यांना आपापले पाणी वेगळ्या चामड्याच्या पिशवीतून पिण्याची सवय लहानपणापासूनच असल्याचे आठवते. गंमत अशी की नियमांप्रमाणे गटारप्लेग माणसाकडून माणसाला लागतच नाही, तो उंदरासारख्या रोगवाहक प्राण्याच्या चाव्याने किंवा घाणीच्या स्पर्शानेच होतो. तेव्हा ही सारी सावधगिरी नियमबाह्य माहितीचा वापर करून पुन्हा चुकीची ठरते.

माणसाचा लांडगा होण्याच्या आजाराची, म्हणजे लायकॅन्थ्रोपीची, तऱ्हा याच्या उलट आहे, कारण हा एकच आजार असा आहे की ज्यासाठी पात्रे रांग लावतात. ढवळ्याशेजारी बांधल्या पवळ्याला वाण नाही तरी गुण लागतो असे म्हणतात. इथे चाव्यासरशी वाणही लागतो. पहिल्या आवृत्तीत एकूण जीवनशक्तीच्या निम्म्याइतकी किंवा त्याहून अधिक इजा चाव्याने झाली आणि माणूस तरीही जगला तरच लागण होत असे. म्हणजे संसर्गासाठी पूर्वपरीक्षेत पन्नास टक्के मिळणे आवश्यक होते. पुढे एक चावा आणि एक फसलेला सेव्हिंग थ्रो एवढ्यावर भागू लागले. लांडग्याचे रूप घेता येते, आणि चांदीची किंवा मंतरलेली नसलेली शस्त्रे अंगाला इजा करत नसत, हे कळल्यावर काही खेळाडू औषध शोधण्याऐवजी लांडगाच शोधू लागले. त्यांना आवरण्यासाठी 2014 च्या पुस्तकात डीएमला एक अधिकार दिला गेला: पात्राने शाप खुशीने स्वीकारला तर त्याचा स्वभाव लांडग्याचा होईल आणि डीएम ते पात्र आपल्या ताब्यात घेऊ शकेल.

स्लाड या बेडकासारख्या प्राण्यांनी मात्र संसर्गाचा उपयोग थेट वंशवृद्धीसाठी केला आहे. 2014 च्या पुस्तकाप्रमाणे निळ्या स्लाडच्या नखांतून ‘केऑस फेज’ नावाचा रोग अंगात शिरतो, जीवनशक्तीची मर्यादा रोज घटत जाते आणि ती शून्यावर आली की रोग्याचा लाल स्लाड होतो. तोच लाल स्लाड पुढे दुसऱ्या कोणाच्या अंगात अंडे घालतो आणि तीन महिन्यांनी त्याच्या छातीतून निळ्याचे पिल्लू बाहेर पडते. अशा रीतीने आजोबा आणि नातू यांचा रंग एक राहतो आणि बापलेकांचा कधीच जुळत नाही. परंतु ज्या रोग्याला तिसऱ्या किंवा त्यावरच्या पायरीचे मंत्र येतात त्याचा लाल स्लाड न होता हिरवा होतो, आणि हिरव्याचा दर्जा वरचा असतो. शिक्षण वाया जात नाही, हे पालकांना पटवायला इतका ठोस पुरावा दुसऱ्या कोणत्याही महामारीने दिलेला नाही.

इतके असूनही टेबलावर मोठी साथ कधी प्रत्यक्ष खेळली जात नाही, कारण हजारो नागरिकांसाठी फासे टाकायला डीएमला वेळ नसतो. ‘शहरात साथ आहे’ या त्याच्या एका वाक्याने निम्मे शहर अंथरुणावर पडते, सेव्हिंग थ्रोचा हक्क फक्त पाच पाहुण्यांना मिळतो, आणि साथीचे मूळ बहुधा तळघरातल्या एखाद्या दुष्ट पंथात निघते, ज्याला तलवारीने मारले की शहर बरे होते. संगणकाला फाशांचा कंटाळा नसल्याने हे चित्र तिकडे एकदा पूर्ण झाले. सप्टेंबर 2005 मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात हक्कार नावाच्या राक्षसाचा ‘करप्टेड ब्लड’ हा संसर्ग खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांमार्फत त्याच्या ठाण्याबाहेर निसटला, शहरांत शिरला आणि कमी ताकदीच्या पात्रांचे सडे पडले. काहींनी रोग्यांवर उपचार केले, काहींनी गाव सोडले, काहींनी मुद्दाम रोग पसरवला; पुढे 2007 मध्ये साथशास्त्रज्ञांनी त्यावर गंभीर निबंध लिहिले.

2024 च्या सुधारणेत टेबलावरच्या रोगांचा कारभार आणखी आटोपशीर झाला. नेहमीचे रोग आणि पॅलडिनची रोगमुक्ती हे दोन्ही नियमांतून गेले, आणि डीएमच्या ग्रंथात ‘मॅजिकल कंटेजन्स’ या मथळ्याखाली खिदळताप, गटारप्लेग आणि डोळे घालवणारी दृष्टिकूज अशा तिघांची तेवढी नोंद उरली. रोग गेल्याने पॅलडिनला त्यांची भीती उरली नाही हे खरे, पण उरलेले तीन जादुई ठरल्याने त्याला ते होऊ शकतात. कंस न वापरताही 1989 चीच चलाखी साधली.

खेळाडूंची स्वतःची श्रद्धा मात्र या ग्रंथांतल्या कोणत्याही रोगावर नसून फाशाच्या रोगावर असते. सलग तीन वेळा 1 पाडणारा फासा बिघडला आहे, त्याची बाधा हाताला लागते, आणि तो हात ज्या दुसऱ्या फाशाला लागेल तोही बिघडतो, ही समजूत वर्षानुवर्षे खेळणाऱ्यांतही आढळते. म्हणून पुष्कळजण आपला फासा दुसऱ्याला उसना देत नाहीत, आणि बाधित फाशाला ‘डाइस जेल’ म्हणजे फाशांचा तुरुंग या नावाने विकत मिळणाऱ्या चिमुकल्या पिंजऱ्यात कोंडून ठेवतात. विलगीकरणाचा काळ किती असावा, हे कोणत्याही आवृत्तीने सांगितलेले नाही. बहुतेक वेळा बाकीचे फासेही तसेच पडू लागले की कैद्याची सुटका होते. त्या पिंजऱ्यात शेजारी म्हणून एखादा चांगला फासा ठेवायला मात्र कोणी तयार होत नाही.